बियाचा दुधी

१

आक्काच्या परसातली एक भेंडी हवी असेल तर आधी आक्काला विचारायचं, आणि विचारलं की आक्का नाही म्हणायची. साऱ्या आळीला ही रीत पाठ होती. बाई उंचीने जेमतेम चार फूट दहा इंच, वय एकसष्ट, पण आवाज असा की मागच्या शेडमधले कापडाचे लूम चालू असताना पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचा. तिला सगळे आक्काच म्हणत. सून रंजिता तेवढी आई म्हणे, बाकी नवरा काळूराम आणि सहा वर्षांची नात निशा, दोघंही आक्काच म्हणत.

भिवंडीतली शेतं लूमच्या शेडींखाली गेली तशी काळूराम पाटलांचीही गेली. राहिलं ते घरामागचं अडीच गुंठ्यांचं परस, आणि ते आक्काने जिवापलीकडे जपलं. पडवीच्या पायरीशी मोगरा, अबोली आणि गावठी गुलाब. मग भेंडी-वांग्यांचे वाफे. आणि पार मागे शेडच्या भिंतीला लागून बांबू-तारेचा मांडव. मांडवावर चार वेल होते, दुधी, काकडी, कारली आणि शिराळी. तीन बाजूंना काचा रोवलेल्या उंच भिंती आणि चौथ्या बाजूला घर. आत शिरायचं तर आक्काच्या स्वयंपाकघरातून पडवीत यायचं आणि पडवीतून खाली उतरायचं, दुसरी वाट नव्हती.

अक्षय तृतीयेला आक्का एक काम स्वतःच्या हाताने करी. प्रत्येक वेलावरचं सगळ्यात चांगलं फळ निवडून त्याच्या देठाला जुन्या पातळाची लाल चिंधी बांधी. चिंधी बांधली म्हणजे ते फळ बियाचं. त्याला कोणी हात लावायचा नाही, ते वेलावरच जून होऊ द्यायचं, वाळू द्यायचं. मग मृग लागायच्या आत एका दुपारी सगळी बाग काढायची. उरलंसुरलं तोडायचं, वेल उपटायचे, आणि चिंधीवाली चार फळं तेवढी राखायची.

"एका वेलाला एकच," आक्का सांगे. "दोन राखलीस का वेल दोघांना पुरत न्हाय. दोन्ही पोचट."

रंजिताने लग्नाच्या पहिल्या वर्षी हौसेने दोन काकड्यांना चिंध्या बांधल्या होत्या. दोन्हींत एक धड बी निघालं नाही. ही गोष्ट आक्का आठ वर्षं आल्यागेल्याला सांगत होती आणि रंजिता आठ वर्षं हसून ऐकत होती.

२

दोन हजार सहा सालच्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. सकाळी सहाला आक्का पाण्याची बादली घेऊन मांडवाखाली गेली आणि तिथेच थबकली.

दुधीची चिंधी जागेवर नव्हती. तिने निवडलेला दुधी हातभर लांब, सरळ, नजर लागावी असा होता. त्याचा देठ मोकळा होता. चिंधी बांधली होती मागच्या एका वाकड्या, खुज्या दुधीला, ज्याच्याकडे तिने महिनाभरात ढुंकून पाहिलं नव्हतं.

"रंजिता, मांडवाला हात कोनी लावला?"

"मी कशाला लावू, आई?" रंजिता चहाचं आधण ठेवत म्हणाली. "मना माजा जीव प्यारा हाय."

निशाला विचारलं. तिचा हात मांडवाला पोचत नव्हता आणि खोटं बोलायची तिची अजून ताकद नव्हती. मुलगा जीवन तर पहाटेच पडघ्याच्या गोडाऊनवर ड्युटीला गेलेला. मग आक्काने भिंतीपलीकडे आवाज दिला. शेडमधला मुनव्वर खिडकीत आला.

"तुम्हारा कोई आदमी इधर कूदा क्या रात को?"

"आक्का, दीवार पे तुमनेच तो काँच लगवाया," मुनव्वर म्हणाला. "कूदेगा कौन? और कूदेगा तो चिंदी बाँधने को कूदेगा?"

ते खरंच होतं. चोर आला असता तर दुधी नेला असता. काळूराम पडवीतल्या खाटेवर पाय हलवत सगळं ऐकत होता. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोला चिडवायची एकही संधी त्याने सोडली नव्हती.

"आगो, चिंधीच ती. चालत गेली आसंल."

"तुमी चालत जाऊन दोन बादल्या पानी आना," आक्का म्हणाली. तो उठला, आणि खरोखर दोन बादल्या घेऊन आला. जाताना मोगऱ्याचं एक फूल मागितलं. तिने नाही म्हटलं, आणि चहाबरोबर बशीत ठेवून दिलं.

चिंधी सोडून तिने पुन्हा आपल्या सरळ दुधीला बांधली. एकावर एक दोन गाठी मारल्या आणि ओढून पाहिल्या.

३

दुसऱ्या दिवशी चिंधी पुन्हा वाकड्या दुधीला होती.

आता आक्का तापली. ती भुताखेताला भिणारी बाई नव्हती. लहानपणी खाडीवर एकटी राखणीला बसलेली, आणि सुईणीची वाट न बघता जीवनला जन्म दिलेली. तिने डोकं चालवलं. उंदीर गाठ सोडतो, पण बांधत नाही. माकडं या बाजूला येत नाहीत. मग आपणच तर नाही ना विसरलो? वय झालं की होतं असं, पण ही गोष्ट तिला माकडाहूनही कमी पटली.

त्यातच तिला दुधीवर ती खूण दिसली. दुधी कोवळा आहे का जून हे बघायला बायका त्याला नख लावतात. रुतलं तर कोवळा, चुलीवर जाईल; नाही रुतलं तर राहू द्या. तशी नखाची कोर प्रत्येक दुधीवर उठली होती. काकड्यांवर होती, शिराळ्यांवर होती. फक्त ती कोर आक्काच्या बोटाएवढी लांब होती.

"विळीचं पातं लागलं आसंल," ती स्वतःशी पुटपुटली. परसात विळी कोण आणतं, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

मग तिने जे केलं ते आक्कासारख्या बाईनेच करावं. माझ्या बागेत बियाचं फळ मी निवडणार, दुसरा कोण सांगणारा? तिने चिंधी सोडून आपल्या सरळ दुधीला बांधली आणि तो वाकडा दुधी देठापासून कचकन कापून स्वयंपाकघरात नेला.

विळीवर धरला तेव्हा आत नुसतं बी होतं. टपोरं, भरलेलं, एकही पोचट नाही. इतकं चांगलं बी तिच्या हातून कधी निघालं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, थांबावं, हे धुऊन राखेत घोळवून ठेवावं. पण रंजिता बघत होती. आक्काने बी कचऱ्याच्या डब्यात ढकललं आणि तो जून दुधी चण्याची डाळ घालून शिजवला. शिजता शिजेना. जेवताना सगळ्यांनी निमूट चावला.

"बरा झालाय," काळूराम म्हणाला. तो एवढंच म्हणाला यावरून आक्काला कळलं की अजिबात बरा झालेला नाही.

४

दुसऱ्या सकाळी चिंधी वेलावर कुठेच नव्हती. बाकीच्या तीन वेलांच्या चिंध्या जिथल्या तिथे होत्या, दुधीचीच नव्हती. आक्काने मांडवाखाली शोधली, वाफ्यात शोधली, मग नाद सोडला. चिंधीच ती, भिवंडीत चिंधीला काय तोटा.

दुपारी बाराला लाईट गेली. त्या उन्हाळ्यात ती रोजच बारा ते तीन जायची. लाईट गेली की शेडमधले चाळीस लूम एकामागून एक थांबत, आणि चोवीस तास खटखटीत राहणाऱ्या माणसांना कान बसल्यासारखं व्हायचं. निशा माजघरात चटईवर झोपली होती. आक्का तिच्या अंगावरची माशी हाकलायला वाकली, आणि तिला लाल काहीतरी दिसलं.

चिंधी निशाच्या डाव्या घोट्याला बांधली होती. घट्ट नव्हती, सैलही नव्हती. देठाला बांधतात तशीच, पुढे वाढायला जागा ठेवून.

"निशा. ए निशा, हे कोनी बांधलं?"

पोरीने डोळे चोळत पायाकडे बघितलं. "तू ना?"

"मी न्हाय."

"मंग मना काय म्हायत." ती कूस वळवून परत झोपली.

आक्का बसून राहणारी बाई नव्हती. पोरीच्या पायाला परक्या हाताने काही बांधलं म्हणजे करणी, नजर, काहीतरी वाईटच, दुसरं काय असणार? तिने गाठ सोडली, मीठ-मोहऱ्या घेऊन पोरीची दृष्ट काढली, आणि चिंधी परसात नेऊन आपल्या सरळ दुधीला बांधून टाकली. जिथली वस्तू तिथे. वर मांडवाकडे बघून बजावलं, "माज्या पोरीला हात लावायचा न्हाय."

चाळीसहून जास्त वर्षं तिने स्वतः चिंध्या बांधल्या होत्या. चिंधीचा अर्थ तिच्याइतका कोणाला ठाऊक होता? पण पोरीच्या पायावर ती दिसली, आणि तिला काही आठवलं नाही.

संध्याकाळी काळूराम बनियन काढून पाठ दाखवत म्हणाला, "बघ गो, काय चावलं? चुरचुरतंय."

खांद्याखाली एक लालसर कोर उमटली होती, आक्काच्या बोटाएवढी. रंजितानेही दंड पुढे केला. तिला तसलीच होती. रात्री जीवन ड्युटीवरून आला, त्याच्या मानेवर होती.

"खाटेत ढेकून झालेत," आक्काने निकाल दिला. "उद्या खाटा उन्हात टाका."

जीवन खाटेवर झोपतच नव्हता. स्वतःचा दंड मात्र तिने न्हाणीघरात जाऊन, दार लावून, एकटीने बघितला. मग पदर नीट केला आणि भाकऱ्या थापायला बसली.

५

दुसऱ्या दिवशी रंजिता निशाच्या शाळेचं सामान आणायला धामणकर नाक्याला गेली. जीवन पडघ्याला. काळूराम पडवीत खाटेवर आडवा, तोंडावर ओला पंचा टाकून हातातला पंखा हलवत. निशा माजघरात झोपलेली. आक्का स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती.

बाराला लाईट गेली. लूम थांबले.

त्या शांततेत तिला आवाज आला. टक.

पाल असेल म्हणून तिने तांदळातला खडा बाजूला टाकला. पुन्हा टक. मग थोडं थांबून टक, टक. हा आवाज तिला ओळखीचा होता. फळ खालून तळव्यावर तोलून देठ नखाने खुडला की असाच आवाज येतो. घाईघाईत ओरबाडणाऱ्याचा नव्हे, काम येणाऱ्या माणसाचा.

पडवीतून काळूराम पंच्याखालून बोलला, "आक्का, किती तोडशील? उन्हात चक्कर यील."

आक्का स्वयंपाकघरात होती. हातातलं सूप खाली ठेवून ती उठली. पडवीत आली आणि काळूरामच्या खाटेशेजारी उभी राहिली.

वारा नव्हता. मोगऱ्याचं पान हलत नव्हतं. पण मांडवाचा शेडकडचा भाग रिकामा झाला होता. कारल्याच्या वेलावर चिंधीवालं एक कारलं होतं, बाकी नुसती पानं. काकडीवर चिंधीवाली एक काकडी, शिराळीवर एक शिराळं. खाली जमिनीवर काही पडलेलं नव्हतं.

आता दुधीचा वेल हलत होता. आक्काचा तो सरळ, हातभर लांब दुधी सावकाश वर उचलला गेला, देठाला ताण पडू नये म्हणून कोणी खालून हात द्यावा तसा. पानांच्या फटीतून तिला तो हात दिसला. हात म्हणजे तळवा, तोही अर्धाच. हिरव्या सावलीत त्याचा रंग काही कळला नाही. अख्खा दुधी त्या तळव्यात मावला, आपल्या तळव्यात भेंडी मावते तसा.

टक. दुधी गेला. लाल चिंधी मात्र सोडवून मांडवाच्या तारेला अडकवली होती, कोणी मुद्दाम ठेवल्यासारखी.

मग भेंडीची मागची ओळ हलू लागली. आक्काच्या ध्यानात आलं. बाग काढणारा पार मागच्या भिंतीपासून सुरू करतो आणि घराकडे येतो. ती स्वतः आयुष्यभर तशीच काढत आली होती. मृग तोंडावर आला होता. आज बाग काढायचा दिवस होता, आणि काढणारा ती नव्हती.

त्याने निवडून ज्याला चिंधी बांधली, ते राहणार. बाकी सगळं जाणार. निशाला चिंधी होती, आणि ती आपण सोडली.

आक्का पायरी उतरली. ऊन डोक्यावर होतं. भेंडीच्या दोन ओळींपलीकडे काहीतरी वाकलेलं होतं. तिने तिकडे बघितलं नाही, सरळ वाफ्याच्या कडेने मांडवाशी गेली, तारेवरची चिंधी काढून मुठीत धरली आणि मागे फिरली. बाजूने कच्च्या देठाचा उग्र वास आला. वांग्याच्या झाडावरून टक आवाज आला, तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. ती धावली नाही. बागेत धावलं की रोपं तुडवली जातात, ही सवय अजून सुटली नव्हती.

पडवीत येऊन ती काळूरामच्या खाटेपाशी क्षणभर थांबली. "आत या वो," ती म्हणाली.

"आत मरनाचं उकडतंय," तो पंच्याखालून म्हणाला. पंखा हलतच होता, खाटेच्या कडेवर टेकत, टप, टप. "तू बस ना जरा हितं. कवापासून राबतेस."

आक्काने त्याच्या पायावर हात ठेवला. मग काढला आणि आत गेली.

६

निशा जागी होऊन चटईवर बसली होती. आक्का समोर मांडी घालून बसली आणि पोरीचा डावा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"परत चिंधी?" निशा म्हणाली. "काल तर काढलीस."

"काल चुकलं माजं."

आक्काच्या तोंडून हे शब्द त्या घरात पहिल्यांदा निघाले होते. निशाने चमकून तिच्याकडे बघितलं. आक्काने चिंधी घोट्याभोवती घेतली, वाढायला जागा ठेवून, आणि गाठ मारली.

"आता ही सोडायची न्हाय. कोनी काय पन सांगूदे. मी सांगितलं तरी न्हाय."

"आंघोळीला?"

"आंघोळीला पन न्हाय."

बाहेर पायरीपाशी मोगऱ्याच्या झुडपातून बारीक बारीक आवाज आले, टिक टिक टिक, कळ्या खुडाव्यात तसे. फुलं संपली की पायरी, आणि पायरीवर पडवी.

"आक्का, आजोबांना पन बांध ना," निशा म्हणाली.

आक्काने आपल्या पदराकडे बघितलं. जुनं लुगडं, विरलेलं. फाडायला कितीसा वेळ? दाताला लावलं की टर्रकन फाटेल. एक पट्टी काळूरामला. एक रंजिताला, ती येईल आता नाक्यावरून रिक्षाने. एक जीवनला. तिने पदराचा काठ उचलून दातांत धरला. लुगड्याला हळदीचा वास होता.

आणि तिने तो दातांतून सोडला.

दोन राखली की दोन्ही पोचट. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, तिने वेलावर बघितलं होतं, एकदा नाही, दहादा. कदाचित माणसांना हा नियम लागू नसेल. कदाचित चार बांधले तर चारही वाचतील. पण ते कळायला बांधून बघावं लागलं असतं, आणि बघायला तिच्याकडे एकच निशा होती.

पडवीत पंखा टप टप वाजत होता. तिला ओरडून त्याला हाक मारावीशी वाटली. हाक मारली असती तर तो कुरकुरत उठून आत आला असता, तिच्या समोर बसला असता, आणि त्याच्याकडे बघून तिला राहवलं नसतं. तिने त्याच्यासाठी पदर फाडला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चव्वेचाळीस वर्षं तिने त्याला प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हटलं होतं आणि मग दिलं होतं. म्हणून ती गप्प राहिली.

"बांध ना," निशा म्हणाली. "आक्का, तू रडतेस?"

"एका वेलाला एकच, बाय," आक्का म्हणाली.

पडवीतला पंखा थांबला. खाटेची दोरी एकदा करकरली, वजन उतरल्यावर करकरते तशी, आणि स्वयंपाकघराच्या दारातून येणारा उजेड कमी झाला.

आक्काने मान वळवली नाही. पोरीचं तोंड आपल्या छातीशी दाबून धरलं आणि मोकळ्या हाताने, चाचपडत, तिने चिंधीला दुसरी गाठ मारली.